एका ओळीसाठी अकोला आणि पातूर

अकोल्याला कोणी फिरायला जात नाही. लग्नाला जातात, दवाखान्यात जातात, कोर्टात जातात. मी एका पुस्तकातली ओळ बदलायला गेले होते.

अकोल्याच्या एका कापड मिलमध्ये मी बारा वर्षं रीळ खात्यात उभी राहून काम केलं. आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी, त्याच मिलच्या ब्लो-रूममध्ये होते, म्हणजे रुईच्या गाठी फोडून पिंजतात त्या खात्यात. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर ब्लो-रूमला आग लागली. अर्धं खातं जळालं आणि गणपत नावाच्या कामगाराचे हात भाजले. मालकांच्या खिशात विडीचं बंडल निघालं. तेवढं पुरलं. त्यांना काढून टाकलं, मग मीही सोडलं, आणि आम्ही माझ्या माहेरच्या बाजूला चांदूर बाजारला आलो. पुढे मिल बंद पडली, त्याच्या पुढे पाडली. मालकांना जाऊनही दहा वर्षं झाली.

मिलची आठवण राहावी म्हणून अकोल्याचे कुळकर्णी मास्तर आणि काही जुने कामगार मिळून पुस्तक काढत होते. छापायच्या आधी त्यांनी कच्ची प्रत जुन्या लोकांना टपालानं पाठवली. चुका असतील तर दसऱ्याच्या आत कळवा, नंतर छपाईला जाईल, अशी चिठ्ठी सोबत होती. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे वाचायला चार दिवस लागले. मधल्या एका पानावर ओळ सापडली. 'एका कामगाराच्या विडीमुळे ब्लो-रूम भस्मसात झाली.' नाव दिलं नव्हतं, पण तेव्हाच्या प्रत्येक माणसाला ते माहीत होतं.

एक गोष्ट आधीच सांगते. विडी ओढली होती की नाही, हे मलाही माहीत नव्हतं. मालक म्हणत, नाही ओढली. मी म्हणे, ओढली असणार. दिवसाला बंडल संपवणारा माणूस त्या एका पाळीत बरा न ओढता राहिला. ते वारले तोपर्यंत आम्ही यावर भांडलो. दुसरं काही कारण नसलं की हे हाताशी असायचं.

"मंग आता कायले जाता, बाई?" माझी धाकटी जाऊ शांता म्हणाली.

"खरं असन तं राहू दे छापलेलं. खोटं असन तं काढाले लावीन. पण इचारल्याबिगर कसं कोणी छापते?"

"पत्र लिहा ना."

पत्रानं भांडता येत नाही. हे तिलाही पटलं आणि ती सोबत निघाली. तिला अकोल्याहून काचेच्या बरण्या आणायच्या होत्या.

अमरावती

अमरावतीला बस बदलायची होती. मधे तासभर होता, म्हणून गिला वडा खाल्ला. उडदाचा वडा दह्यात बुडवतात आणि वरून तिखट टाकतात. बाहेरच्या लोकांना तो दहीवडाच वाटतो. त्यांना सांगत बसू नये. शांतानं दोन प्लेट खाल्ल्या आणि तिसरी अर्धी माझ्यापुढे सरकवली.

पाणी काढायला पिशवी उघडली तर आत मिरचीच्या लोणच्याची बरणी कलंडलेली. पुस्तकाची कच्ची प्रत त्याच पिशवीत होती. वरची आठ-दहा पानं तेलानं आरपार दिसू लागली होती.

"बरं झालं," शांता म्हणाली, "आता ते मास्तर म्हणतीन, बाईनं चाटूनपुसून वाचलं."

अकोल्याच्या रस्त्यानं दोन्ही बाजूंना कपाशी होती, पण गुडघ्याच्या वर क्वचित. पानं लाल पडली होती. ती सालं अशी होती की बसमध्ये शेतीचा विषय कोणी काढत नसे. निघालाच तर माणसं खिडकीबाहेर बघत. गावोगावच्या भिंतींवर मात्र बियाण्याच्या जाहिराती रंगवलेल्या. नारळाएवढी बोंडं, पांढरीशुभ्र. आमच्या पुढच्या बाकावरचे एक धोतरवाले आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "कापूस पाहाचा असन तं भिंतीवर पाहा. वावरात काय पाहून राहिला?" शेजारी हसला नाही. आजोबाही हसले नाहीत.

अकोला

अकोला आमच्यापेक्षा कोरडं. चांदूर बाजारला संत्र्याच्या बागांमुळे थोडा तरी ओलावा असतो. इथे उतरल्याबरोबर नाकात धूळ जाते. रिक्षावाल्याला म्हटलं, मिलवर ने. तो पंचविशीतला असेल.

"मिल तं नाई इथं, आजी. मिल चौक हाय."

"त्याच चौकात मिल होती."

"असन बाप्पा. मी तं पत्राच पाहात आलो."

खरंच पत्रा होता. चिमणी नाही, भिंत नाही, फाटक नाही. पत्र्याच्या कुंपणामागे गवत आणि एक प्लॉट विकण्याची पाटी. मिल पाडली तेव्हा जुने कामगार रडले म्हणे. मी रडले नसते. त्या खात्यात उभं राहून माझ्या पायाच्या शिरा फुगल्या त्या अजून तशाच आहेत. पण एवढी मोठी वस्तू इतकी साफ नाहीशी होते हे पटेना, म्हणून मी उतरून पत्र्याच्या फटीतून आत बघून आले. आमच्या गावात पडक्या गोठ्याचेही दगड वर्षानुवर्षं तिथेच असतात.

पुस्तकाचं काम एका वाचनालयाच्या माडीवरच्या खोलीत चालायचं. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, चष्म्याला दोरी. खोलीत टेबलावर, जमिनीवर मिलच्या वस्तू मांडल्या होत्या. लाकडी बॉबिन, पितळी बिल्ले, कोणाचा तरी जेवणाचा डबा, शिक्का असलेल्या विटा. मी जपून ठेवलेला माझा मिलचा बिल्ला पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी उचलला, जसा काही देवाचा टाक.

"बसा, अनसूयाबाई. प्रवास कसा झाला?"

"प्रवास चांगला झाला. ही ओळ कोणी सांगितली तुमाले?"

मी तेलकट प्रत उघडून बोट ठेवलं. मास्तरांनी ओळ वाचली, मग खिडकीपाशी बसलेल्या माणसाकडे बघितलं. तो गणपत होता. मी त्याला ओळखलं ते हातांवरून. कातडी ताणून चिकटवल्यासारखी, बोटं अर्धी मिटलेली. आगीनंतर त्यानं आमच्याशी कधी शब्द काढला नव्हता.

"म्या सांगितली," गणपत म्हणाला. "खोटं हाय का?"

"तुमी पाह्यलं का ओढताना?"

"बंडल निघालं ना खिशातून."

"बंडल निघालं. ओढताना पाह्यलं का?"

मी मास्तरांना म्हटलं, न पाहिलेलं कसं छापता? मास्तर शांतपणे म्हणाले, "बाई, मी ही ओळ काढून टाकू शकतो. पण मग आग कशानं लागली ते लिहावं लागेल, आणि नुसत्या पत्नीच्या शब्दावर मी दुसरं काही लिहू शकत नाही. त्या पाळीला असलेलं कोणी सांगायला हवं."

मला राग आला, पण माणूस बरोबर बोलत होता. त्या पाळीचे लोक कोण उरले, असं मी विचारलं. त्यांनी यादी काढली. बहुतेक नावांपुढे 'कै.' होतं. गणपत सोडला तर एकच उरलं होतं. यूसुफभाई फिटर. आगीनंतर यंत्र त्यांनीच खोललं होतं. आता मुलाकडे पातूरला असतात आणि मास्तरांच्या दोन्ही पत्रांना त्यांनी उत्तर दिलेलं नाही.

"उत्तर दिलं नाई म्हणजे काईतरी हाय," शांता जिन्यात म्हणाली.

ते मलाही कळत होतं. काय आहे हे मात्र कळत नव्हतं. विडी ओढताना त्यांनी बघितलं असेल आणि भीड म्हणून लिहीत नसतील, हीच शक्यता मोठी होती. रात्री आम्ही शांताच्या मावसबहिणीकडे राहिलो. तिनं बेसनाच्या पातोडीची रस्साभाजी केली होती. अकोल्याचे लोक आमच्याहून तिखट खातात. मी दोन भाकरी खाल्ल्या. काळजी असली म्हणजे भूक जाते, असं लोक म्हणतात. माझी जात नाही.

पातूर

पातूरकडे जाताना जमीन उंच होत जाते. काळी माती संपते, मुरूम लागतो, डोंगरावर साग दिसायला लागतो. पातूरला जुन्या लेण्या आहेत. आम्ही त्या बघितल्या नाहीत, कारण स्टँडवर उतरताच माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि लेण्यांपर्यंत अनवाणी जायची मला हौस नव्हती. ज्यांना हौस असेल त्यांनी जरूर जावं.

यूसुफभाईंच्या मुलाचं, सलीमचं, खिळे-बिजागऱ्यांचं दुकान बाजारातच होतं. घर दुकानाच्या मागे. मी एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन दारात उभी राहिले. सुनेनं आधी स्वतःची चप्पल माझ्यापुढे ठेवली, मग विचारलं, कोण तुम्ही. आमच्याकडे आधी विचारतात.

यूसुफभाई खाटेवर बसले होते. दाढी पांढरी, पाठ वाकलेली.

"नामदेवची घरवाली ना तुमी?" ते म्हणाले. "बसा, भाभी. मास्तरचं पत्र आलं तवाच मले वाटलं, तुमी याल."

"पत्राले उत्तर काहून नाई दिलं?"

"चाय घ्या आधी."

"चहा घेते. तुमी सांगा. ओढली होती का त्यानं विडी?"

यूसुफभाईंनी मान हलवली. "नाई. बंडल खिशात होतं, पण माचिस नव्हती. माचिस तो गेटवरच्या पानठेल्यावर ठेवून येत जाय. मी रोज पाह्यचो."

सून चहा घेऊन आली. मी कप हातात धरून बसले.

"मंग आग कशानं लागली?" शांतानं विचारलं.

यूसुफभाईंनी सलीमकडे बघितलं. सलीम म्हणाला, "अब्बू, छोडो ना. पुरानी बात आहे." पण म्हातारे बोलत राहिले.

हंगामातली पहिली गाठ जिनिंगच्या प्रेसमध्ये, म्हणजे रुई दाबून गाठी करतात तिथे, मुहूर्ताची म्हणून बांधत. हे मलाही माहीत होतं. आमच्याकडे शेतात पहिल्या वेचणीला सीतादही करतात, दहीभात शिंपडतात, तसाच हा त्यांचा रिवाज. गाठीच्या आत नजर लागू नये म्हणून घोड्याच्या नालेचा एक खिळा ठेवत आणि बाहेर तरटावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढत. मिलमध्ये ती गाठ बाजूला ठेवत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जाबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ती हातानं उघडे, खिळा काढून यंत्राला बांधे, मग रुई यंत्रात जाई. त्या साली परतीचा पाऊस लांबला. गाठी अंगणात भिजल्या. स्वस्तिक धुऊन गेलं आणि मुहूर्ताची गाठ इतर गाठींत मिसळून यंत्रात गेली.

"रुई पिंजाचा बीटर म्या खोलला," यूसुफभाई म्हणाले. "दातात खिळा अडकला होता. वाकडा झालेला. रुईत लोखंडाची एक ठिणगी लई झाली, भाभी."

"अन् दिवाळीले कोणी इचारलं नाई, मुहूर्ताची गाठ कुठं गेली म्हणून?"

"सगळे समजले, ती बी आगीतच जळाली."

"तुमी तवाच काहून नाई सांगितलं?"

"खिळा आमच्या घरचा होता." त्यांनी हे अगदी हळू सांगितलं. "अब्बा नालबंद होते. सालाबाद प्रेसले खिळा आमच्या घरून जाई. त्या टायमाले गावात हवा बरी नव्हती. मिल जळाली अन् खिळा मुसलमानाच्या घरचा, एवढं बाहेर गेलं असतं तं पुढचं कोणी ऐकलं नसतं. म्या खिळा घेऊन नामदेवकडे गेलो. म्हटलं, तू सांगशीन तं मी सायबाकडे जातो. तो म्हणे, माही नोकरी तं गेली, आता तुहं घर पेटवू काय? खिळा घेतला अन् मोर्णा नदीत फेकून दिला."

मी कप खाली ठेवला. "म्हणजे त्याले माहीत होतं."

"होतं."

"मले काहून नाई सांगितलं?"

यूसुफभाईंनी दाढीवरून हात फिरवला. "तो म्हणे, तिले आज सांगितलं तं उद्या सकाळी नळावर बातमी."

शांतानं तोंडाला पदर लावला. सुनेनंही. मी हसले नाही. पण त्या काळातलं माझं तोंड आठवलं तर माणूस चूक बोलला होता असं म्हणता येत नाही.

"अब्बू, हे पुस्तकात गेलं तं पुन्हा काही तरी..." सलीम म्हणाला.

मी त्याला म्हटलं, "नाव नका घालू बाबा तुमच्या घरचं. खिळा प्रेसचा होता, एवढं सांगितलं तरी चालते."

"कायले?" यूसुफभाई एकदम सरळ बसले. "अब्बा गेले, प्रेस गेली, मिल गेली, घोडे गेले. आता डर कोणाचा? नामदेव जिता होता तवा सांगाले पायजे होतं, ते नाई झालं. आता सांगाचं तं अर्धं नाई सांगत. उद्या मी येतो तुमच्यासंगं."

रात्री सुनेनं आम्हाला तिथेच ठेवून घेतलं आणि दालचा-भात खाऊ घातला. दुधी भोपळा घातलेली डाळ. मी मटण खात नाही हे तिला न सांगताच तिनं माझ्यासाठी मटणाशिवाय वेगळं केलं होतं. सकाळी चप्पल परत करायला गेले तर म्हणाली, अंगठा शिवून झालाय, पण तुमची राहू द्या, हीच घालून जा. मी माझीच घातली. दुसऱ्याच्या चपलेची पायाला सवय होत नाही.

पुन्हा अकोला

दुसऱ्या दिवशी यूसुफभाई धुतलेला कुर्ता घालून बसमध्ये आमच्या मागच्या बाकावर बसले. सलीम सोबत होता. वाटभर त्याचं तोंड फुगलेलंच होतं. पण जिना चढताना बापाला धरलं ते नीट धरलं.

मास्तरांनी सगळं लिहून घेतलं. मधेच थांबून ते म्हणाले, "खिळा नदीत गेला. म्हणजे दाखवायला काही नाही."

"नाई," यूसुफभाई म्हणाले. "मी हाय ना."

मग खिडकीजवळून गणपत म्हणाला, "त्या दिवशी गाठी फोडून ओपनर यंत्रात मीच टाकत होतो."

आम्ही वळून बघितलं. तो हातांकडे बघत होता.

"एका गाठीचं तरट एका अंगानं पिवळं होतं. मले वाटलं, पावसाचा डाग असन. फाडून टाकली आत." मग तो म्हणाला, "हळद होती ते."

माझ्याशी इतकी वर्षं न बोललेला माणूस. मला वाटलं होतं, हा दिवस आला तर त्याला चार शब्द सुनवीन. शब्द तयारच होते. पण त्याचे हात बघितले आणि ते शब्द मनातच राहिले.

"मंग आता माहं नाव घालता का मास्तर?" त्यानं विचारलं.

"कोणाचंच घालू नका," मी म्हटलं. "पावसाचं घाला."

मास्तरांनी नवीन मजकूर लिहिला आणि वाचून दाखवला. सुरुवातीला 'दुर्दैवाने' होतं आणि शेवटी 'नियतीचा क्रूर खेळ'. मी म्हटलं, हे दोन्ही काढा, आग सांगा. त्यांनी हसून काढलं. आता त्या पानावर असं आहे: 'परतीच्या पावसाने मुहूर्ताच्या गाठीवरची खूण धुतली गेली. गाठ हाताने न उघडता यंत्रात गेली आणि तिच्यातल्या खिळ्याची ठिणगी पडून आग लागली. विडीचा आरोप खोटा होता.' मुहूर्ताच्या गाठीवर त्यांनी अर्धं पान वेगळं लिहिलं. खिळा देणाऱ्या नालबंदाचं नाव त्यात आहे. ते यूसुफभाईंनी स्वतः सांगून घालायला लावलं, एक अक्षर चुकलं होतं तेही दुरुस्त करून घेतलं.

मग मला दिसलं की ब्लो-रूमच्या कामगारांच्या यादीत आमच्या मालकांचं नावच नाही. काढून टाकलेल्यांची नावं मिलच्या कागदांत नव्हती, म्हणून यादीत आली नाहीत, असं मास्तर म्हणाले. सांगा, लिहितो. तोंडानं त्यांचं नाव घ्यायची मला सवय नाही. मी पेन मागितला आणि यादीच्या खाली लिहिलं. अक्षर वर चढत गेलं, पण वाचता येतं.

गणपत खाली जाऊन हॉटेलवाल्याला सांगून आला. "वहिनी, चाय येऊन राहिली," तो म्हणाला, आणि सलीमला म्हणाला, "तू बी घे रे, पातूरपर्यंत असंच तोंड घेऊन जाशीन काय?" सलीम हसला. चहा फार गोड होता. सगळ्यांनी घेतला.

परतीच्या बसमध्ये शांताच्या मांडीवर बरण्या होत्या, पैकी एक बडनेऱ्याच्या आधीच फुटली. मी खिडकीशी बसले होते. मालकांशी इतकी वर्षं ज्या गोष्टीवरून भांडले ती घडलीच नव्हती. माणूस खरं बोलत होता आणि मी खोटा ठरवत होते, हे काही बरं झालं नाही. ते आता बदलत नाही. पण एक ओझं उतरलं हे खरं. आणि भांडण काही संपलेलं नाही. मला एका शब्दानं सांगितलं नाही, नळावरच्या बायांपेक्षा परकी केली, याचा जाब मी त्यांना विचारणार आहे. विचारते आहेच. फरक एवढाच, हे भांडण करताना मला हसू येतं.